सरकारवाडा बघायला जाताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर न्या

तिवंध्याची लेक (धागाकर्ती)

मंडळी, गेल्या रविवारी आईला घेऊन सरकारवाड्यात जाऊन आले. तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते इथे मांडते. थोडं लांबेल.

मी नाशिकचीच. सराफ बाजारात, भांडी बाजारात शेकडो वेळा गेले असेन. दरवेळी त्या काळ्या दगडी जोत्याच्या कडेनं पुढे जायचं, आत पाऊल टाकायचं नाही, असंच इतकी वर्षं झालं. सरकारवाडा म्हटलं की पोलीस ठाण्याचं नाव आठवायचं. पेशव्यांचा वाडा आहे, पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत वस्तुसंग्रहालय आहे, हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि जाणं यात वीस वर्षं गेली.

आई ७४ वर्षांची आहे. तिचं माहेर तिवंधा चौकाजवळच्या एका वाड्यात होतं. तो वाडा आता उरला नाही, त्या जागी चार मजली इमारत आहे. आई आमच्याकडे इंदिरानगरला सहाव्या मजल्यावर राहते. गुडघे दुखतात, त्यामुळे ती यायला तयार होईल असं वाटलं नव्हतं. पण नाव काढताच लुगड्याच्या घड्या मोडून तयार झाली.

रविवार कारंज्याला रिक्षा सोडली आणि हळूहळू चालत गेलो. पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. आत गेल्यावर मी सवयीनं फलक वाचायला लागले. कोणाचा काळ, काय मिळालं, कुठे मिळालं. मागे वळून बघते तर आई शेजारी नाही. ती भिंतीपाशी उभी होती. भिंतीत एक छोटासा कोनाडा होता, रिकामा. मी त्याच्यासमोरून नुकतीच गेले होते, पण माझं लक्षही गेलं नव्हतं. तिनं त्यात हात घातला, आतल्या माथ्यावरून बोट फिरवलं आणि बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं.

"काय बघतेस?" म्हटलं.

"काजळी आहे का बघते. ही देवळी आहे गं. दिवा ठेवायची जागा."

भिंतीला नवा गिलावा आहे, काजळी कुठली असणार? पण मग तिनं मला तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. देवळी छातीच्या उंचीला का असते, तर पोराचा हात पोचू नये आणि बाईला वात सारताना टाचा उंच कराव्या लागू नयेत म्हणून. संध्याकाळचा दिवा लावायचं काम तिच्याकडे होतं. कंदिलाची काच राखेनं पुसायची, हात बारीक म्हणून ते पोरींनीच करायचं. देवळीच्या माथ्यावर जमलेली काजळी दसऱ्याच्या आधी खरवडायची.

पुढे खांबापाशी थांबली. दोन खांबांमधलं अंतर दाखवून म्हणाली, हा एक खण. तिच्या लहानपणी घर केवढं हे खणांत सांगायचे. अमक्याचं माजघर तीन खणी, तमक्याचा दिवाणखाना सात खणी. मी घराचं माप आयुष्यभर चौरस फुटांत ऐकलंय. आई मात्र तिथे उभ्या उभ्या खण मोजत होती आणि त्यावरून तिला कळत होतं की इथे किती माणसं पंगतीला बसत असतील.

एक तरुण जोडपं लहान मुलाला घेऊन आलं होतं. पाचेक मिनिटांनी लक्षात आलं की ते आमच्या मागून फिरतायत. मुलगा आईला विचारू लागला, आजी हे काय, आजी ते काय. एकाही फलकावर नसलेल्या पंधरा-वीस गोष्टी आईनं त्याला सांगितल्या.

घरी आल्यावर वाटलं, हे सगळं लिहून ठेवायला हवं. वाडा कोणी बांधला ते इतिहासकार सांगतील. पण त्या वाड्यात दिवा कुठे लागायचा, पाणी कुठून यायचं, धान्य कुठे असायचं, हे ज्यांना अंगानं ठाऊक आहे ती माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरी असं कोणी असेल तर त्यांना एकदा तिथे न्या आणि ते काय म्हणतात ते इथे लिहा. वाड्यात वाढलेले सभासद असतील तर त्यांनी स्वतःच लिहा.

---

गंगेचा पूर

ताई, धागा मनापासून आवडला. आमचं दुकान सराफ बाजारात, तीन पिढ्या. तुमच्या आईंना त्या पायऱ्या चढायला त्रास झाला म्हणालात, म्हणून त्या पायऱ्यांबद्दल लिहितो.

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, राजाचा वाडा म्हणून एवढं उंच जोतं. आम्हाला ते जोतं पुरासाठी आहे हे सांगावं लागत नाही. गोदावरीला पूर आला की नदीकाठावरून पाणी भांडी बाजार, सराफ बाजार असं आत येतं. माझे वडील पूर मीटरमध्ये कधी सांगत नसत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, गळ्याला पाणी. मारुती बुडाला की नजर काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेकडे. आणि इकडे बाजारात विचारायचे, सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं? ज्यांची दुकानं आहेत त्यांना बाकी कुठला आकडा नको असायचा.

२००८ चा सप्टेंबर, २०१६ चा २ ऑगस्ट, २०१९ चा ४ ऑगस्ट, तिन्ही मी पाहिलेत. २०१६ ला आम्ही माल माडीवर चढवला आणि शटर ओढून निघालो, तेव्हा रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी होतं. दोन दिवसांनी परत येऊन दुकानातला गाळ काढला. आमची काचेची कपाटं, लाकडी गादीचा चौथरा, सगळं फुगून गेलं होतं. आणि समोर तो वाडा जोत्यावर उभा होता, पायऱ्यांवर चिखलाची ओळ घेऊन. ज्यानं बांधला त्यानं नदी नीट बघून बांधला.

संग्रहालयानं त्या पायऱ्यांवर पुराच्या वर्षांच्या खुणा कराव्यात असं मला फार वाटतं. छोट्या पितळी पट्ट्या, वर्ष आणि रेघ. भांडी बाजार पलीकडेच आहे, तांबट उद्या करून देतील.

---

रोहिणी_पंचवटी

माझे आजोबा सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं बदलायला सरकारवाड्यातच जायचे. वाचनालय १८४० सालचं, टिळकपथावर ते नंतर गेलं. तेव्हा त्या वाड्यानं पेशवाई पाहिली, इंग्रजांच्या कचेऱ्या पाहिल्या, वाचनालय पाहिलं, पोलीस पाहिले. मला तर वाटतं संग्रहालय हे त्या घराचं पाचवं की सहावं बिऱ्हाड आहे.

---

चुना आणि वीट

मी वास्तुरचनाकार आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. सरकारवाड्याच्या कामात माझा हात नव्हता, पण अशा वाड्यांत आयुष्याची बरीच वर्षं गेलीत, म्हणून तुमच्या आईंच्या यादीत माझी भर.

पुढच्या वेळी जाल तेव्हा खांबाच्या पायाशी बघा. लाकडी खांब थेट जमिनीत रोवलेला नसतो. खाली दगड असतो, त्याला तळखडा म्हणतात. जमिनीतली ओल लाकडाला लागू नये एवढ्यासाठी तो. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेले लाकडी हात, ते हस्त. त्यावर तुळई. तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, तो कडीपाट. फळ्यांवर माती आणि मग वरच्या मजल्याची जमीन. पेशवाईतल्या वाड्यांत खांबाला सुरूच्या झाडाचा घाट देतात, महिरपीच्या टोकाला केळफूल लोंबतं. हे एकदा कळलं की कुठल्याही वाड्यात शिरलात तरी डोळे आपोआप वर जातात.

महत्त्वाची गोष्ट अशी, की घराचं सगळं वजन हा सागवानी सांगाडा पेलतो. मधल्या विटांच्या भिंती नुसत्या भरलेल्या असतात. म्हणून एखाद्या वाड्याची भिंत कोसळली तरी वरचा मजला कधीकधी तसाच तरंगल्यासारखा राहिलेला दिसतो. आणि उलट, भिंत धडधाकट दिसते पण आतून खांबाचा पाय वाळवीनं खाल्लेला असतो आणि एका रात्री सगळं खाली येतं.

दर पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडे पडतात. महापालिका मे-जूनमध्ये नोटिसा लावते, जुलै-ऑगस्टमध्ये बातम्या येतात. कारणं मी डोळ्यांनी पाहिलेली सांगतो. एक, शेजारचा वाडा पाडला जातो. दोघांची भिंत सामायिक असते. ती अचानक उघडी पडते, ऊन-पाऊस थेट मातीच्या सांध्यांत शिरतो, वर शेजारच्या नव्या इमारतीचा पाया खणताना खालची माती हलते. दुसरं, सिमेंट. ओल येते म्हणून लोक चांगल्या मनानं भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. चुना आणि माती ओल घेतात आणि सोडतात. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. बाहेरून भिंत कोरडी दिसते, आत वीट भिजून भुगा होते आणि भिंतीत दडलेला खांब कुजतो.

चुन्याचं काम बघायला मिळालं तर मुलांना जरूर दाखवा. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, दिवसचे दिवस मुरू द्यायचा. मग घाणीत वाळूबरोबर मळायचा. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक. पूर्वी बैल जुंपायचे, आता मोटर लावतात. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा, कुठे विटांची सुरखी. प्रत्येक गवंड्याचं माप वेगळं आणि तो ते सहजासहजी सांगत नाही. मी एका म्हाताऱ्या गवंड्याबरोबर चार महिने काम केलं. तो चुना तयार झाला की नाही हे थापीवरून घसरताना होणाऱ्या आवाजावरून ओळखायचा. मी वही घेऊन बसायचो, पण आवाज वहीत कसा लिहिणार? तो गेला. त्याच्या मुलानं टाईल्स बसवायचं काम धरलं, आणि त्याला दोष देता येत नाही, त्यात पैसे वेळेवर मिळतात.

---

भगूरवाला

आमच्या भगूरला सावरकरांचं जन्मघर आहे, राज्य पुरातत्त्व खात्यानं जपलेलं. २८ मेला, जयंतीला, फार गर्दी असते. घर बघायचं असेल तर आडवारी या. नाशिक रोड, देवळाली कॅम्प करत अर्ध्या-पाऊण तासात पोचाल.

बरेच जण येतात, तसबिरीसमोर हात जोडतात, फोटो काढतात आणि निघतात. माझं म्हणणं आहे, जरा बसा. १८८३ साली तिथे मूल जन्मलं तेव्हा हे खेड्यातलं एक नांदतं घर होतं. १८९९ च्या प्लेगात त्या मुलाचे वडील गेले, चुलते गेले, आणि पोरकी भावंडं घर सोडून नाशकात तिळभांडेश्वर गल्लीत आली. उंबऱ्यावर बसून हे आठवलं की त्या रिकाम्या खोल्या वेगळ्या दिसतात. प्लेगात घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेलेल्या माणसांच्या गोष्टी माझ्या पणजीनं आजीला सांगितल्या, आजीनं मला.

---

संपादक मंडळ

धाग्यावर घराविषयी, वास्तूविषयी लिहावं ही विनंती. राजकीय चर्चेसाठी वेगळे धागे आहेत. दोन प्रतिसाद हलवले आहेत.

---

बारा बिऱ्हाडं

वाचतोय सगळं, आणि तुमच्या आईंबद्दल आदर ठेवूनच लिहितोय. मी सोमवार पेठेतल्या एका वाड्यात भाडेकरू म्हणून वाढलो. मालकांचं बिऱ्हाड पुढे, आम्ही बाकीचे मागे आणि माडीवर. आमच्या वाट्याला दीड खण. त्यात आई-वडील, आजी आणि आम्ही चार भावंडं.

दिवसाही दिवा लावावा लागे. संडासाला सकाळी रांग. पावसात तीन ठिकाणी पातेली मांडायची, आणि कडीपाटातून पाण्याबरोबर माती गळायची ती वेगळीच. आजी आजारी पडली तेव्हा तिला अरुंद जिन्यावरून खाली आणायला खुर्चीला बांधावं लागलं. मालक दुरुस्ती करेना, कारण भाडं वीस रुपये. आम्ही दुरुस्ती करायला गेलो तर तो म्हणे, हक्क सांगाल. हा दावा न्यायालयात इतकी वर्षं चालला की दोन्हीकडची मूळ माणसं वारली. शेवटी एका ऑगस्टमध्ये मागची भिंत गेली. नशीब, दुपारची वेळ होती आणि पोरं शाळेत होती.

आज मी पाथर्डी फाट्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरात ऊन येतं. म्हणून कोणी वाड्यांबद्दल हळवं होऊन लिहिलं की मला आधी ती गळकी माती आठवते. संग्रहालय जपा, जरूर जपा. पण तिथे एक खोली अशीही दाखवा, दीड खणात सात माणसं कशी झोपायची. कोणाचं डोकं कुणीकडे, हे मी अजून खडूनं आखून दाखवू शकतो.

---

तिवंध्याची लेक (धागाकर्ती)

दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, अगदी खरं लिहिलंय. त्यांच्या वाड्यातही मागे पाच बिऱ्हाडं होती आणि गळती लागली की आधी त्यांच्याकडे लागायची. तिला हे तेव्हाही दिसत होतं, पण घरात त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

खडूनं आखून दाखवायचं जे म्हणालात ते खरंच करूया का? फोटो काढून इथे टाकता येईल.

---

मैना

कोणी टिळकवाडीतलं तात्यासाहेबांचं घर पाहिलंय का? कुसुमाग्रजांचं? मी दरवर्षी २७ फेब्रुवारीला जाते. वाड्यांच्या मानानं नवं, साधं घर आहे, तिथे कडीपाट नाही की केळफूल नाही. १९८७ चा ज्ञानपीठ मिळालेला माणूस एवढ्याशा घरात राहत होता, हे पाहिल्यावर माझी मुलगी बराच वेळ गप्प होती. गंगापूर रोडला त्यांचं मोठं स्मारक आहे, कार्यक्रम तिथे होतात, तेही चांगलंच आहे. पण मला ते घर जवळचं वाटतं. वस्ती अजून शांत आहे, झाडं आहेत.

---

जुनं दप्तर

इतिहासाच्या बाजूनं थोडं.

नाशिक आणि पेशवे म्हटलं की लोक देवळांची यादी देतात. मला इथे दोन बायका आठवतात. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. थोरला मुलगा विश्वासराव १७६१ ला पानिपतावर पडला, मधला माधवराव १७७२ ला थेऊरला क्षयानं गेला, धाकटा नारायणराव ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात मारला गेला. तीन मुलगे गमावलेली ही बाई १७८८ पर्यंत जगली. आणि ज्या राघोबादादांच्या नावाशी नारायणरावाचा खून जोडला गेला, त्यांचा आणि आनंदीबाईंचा वाडा त्याच नदीच्या काठी, काही मैलांवर आनंदवल्लीत होता. गावाला ते नावच आनंदीबाईंवरून पडलं.

शहर वाढत गंगापूर रोडनं आता या दोन्ही ठिकाणांच्या पलीकडे गेलंय. रोज हजारो गाड्या या दोघींच्या मधून जातात. सरकारवाड्यात गेलात तर खिडकीपाशी उभं राहून हे जरूर आठवा. मला तिथे तलवारींपेक्षा हेच जास्त जाणवतं.

जमलं तर चांदवडचा रंगमहालही बघा. होळकरांचा वाडा, मुंबई-आग्रा रस्त्यावर, नाशिकपासून साठ-पासष्ट किलोमीटर. भिंतींवरची चित्रं आणि लाकडातलं कोरीवकाम बघायला अर्धा दिवस हवा.

---

गंगेचा पूर

जुनं दप्तर, तुमचा प्रतिसाद दुकानात मोठ्यानं वाचला. आमचा कारागीर बंगालचा आहे, त्यानंही तिघांची नावं विचारून घेतली.

---

परसदार

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. लिहितो.

माझी आजी ८२ वर्षांची आहे. तिनं जुन्या नाशकातल्या दहा-बारा वाड्यांत काम केलं. तिला वाड्यांबद्दल विचारलं तर ती देवळी आणि खण सांगू शकणार नाही, कारण ती आत कधी गेलीच नाही. तिला मागचे बोळ पाठ आहेत. कोणत्या वाड्याचं मागचं दार कुठे उघडतं, कोणत्या दारात कुत्रं असायचं, कोणती बाई पाणी वरून ओतायची आणि कोणती तांब्या खाली ठेवून मागे सरायची. पैसे हातात मिळायचे नाहीत, उंबऱ्याच्या बाहेर ठेवलेले असायचे. तिनं हे मला रागानं सांगितलेलं नाही. भाकरी थापता थापता सांगितलं, जसं एखादा पत्ता सांगावा.

सरकारवाड्यापासून नदी ओलांडली की काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांनी तिथे सत्याग्रह सुरू केला, तो पुढे काही वर्षं चालला. माझे पणजोबा त्यात होते असं आमच्या घरात सांगतात. त्या दारासाठी एवढं झालं. वाड्यांच्या दारांबद्दल मात्र कोणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

ताई, तुम्ही म्हणालात, ज्यांना घर अंगानं ठाऊक आहे त्यांनी लिहावं. आजीला घराची मागची बाजू अंगानं ठाऊक आहे. ती धरणार का या यादीत?

---

रोहिणी_पंचवटी

हो. धरायलाच हवी.

पुण्याला गंज पेठेतल्या फुले वाड्यात गेला असाल तर तिथे हौद आहे. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मी कॉलेजात असताना तिथे पहिल्यांदा गेले. ते घर काही भव्य नाही, कौलारू, साधं. पण तिथे घर बघताना पाणी कोणाला मिळत होतं हा प्रश्न आपोआप समोर येतो. आपल्या नाशकात एकाही घरात तो प्रश्न मला कधी पडला नाही, हे तुमचं वाचून लक्षात आलं.

---

चुना आणि वीट

परसदार, मी वाड्यांचे नकाशे काढतो. मोजमापं घेताना मागचा बोळ असतोच. आम्ही त्यावर 'सेवामार्ग' असं लिहून पुढे जातो. बावीस वर्षांत त्या बोळातून कोण चालायचं हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या आजींची हरकत नसेल तर मी त्यांच्यासमोर नकाशे मांडतो. त्या दाखवतील ती दारं त्या सांगतील तशी लिहू. नकाशावर त्यांच्या नावानं.

---

तिवंध्याची लेक (धागाकर्ती)

परसदार, तुमचा प्रतिसाद रात्री आईला वाचून दाखवला. ती काहीच बोलली नाही, उठून झोपायला गेली. मला वाटलं, दुखावली.

सकाळी चहा घेताना आपणहून म्हणाली, "आमच्या वाड्यालाही मागचं दार होतं. त्याला कडी आतूनच होती, बाहेरून काही नव्हतं. एक बाई यायची रोज. मी लहान असल्यापासून ते माझं लग्न होईपर्यंत यायची. माझ्या लग्नात तिला साडी दिली होती, हिरवी, ती मागच्या दारातूनच." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "तिचं नाव काय होतं गं? आम्ही तिला कधी नावानं हाक मारली नाही."

दिवसभर आठवत होती. शेजारणींची, मोलकरणींची, दूधवाल्याची, सगळ्यांची नावं तिला आठवली. ते एक नाव आठवलं नाही, कारण ते तिला कधी ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी मला म्हणाली, त्या आजींना विचार, माझ्याबरोबर येतील का सरकारवाडा बघायला. त्यांना बरं वाटत असेल तरच. जबरदस्ती नको.

---

बारा बिऱ्हाडं

मी खडू घेऊन येतो. आत रेघोट्या मारू देणार नाहीत, पण बाहेर पटांगणात आखता येईल.

---

परसदार

आजीला विचारलं. तिनं आधी विचारलं, कोण बाई, कुठली. तिवंध्याची म्हटल्यावर म्हणाली, तिवंध्याला दोन वाड्यांचं काम होतं माझ्याकडे.

मग बराच वेळ काही बोलली नाही. जेवण झाल्यावर भांडी आवरताना विचारलं, "पुढच्या दारानं जायचं ना?"

---

तिवंध्याची लेक (धागाकर्ती)

पुढच्याच दारानं. रविवारी सकाळी साडेदहाला रविवार कारंज्यावर भेटू, तिथून दोघींना रिक्षानं वाड्यापर्यंत नेऊ. पायऱ्या उंच आहेत, माझा भाऊ आणि चुना-वीटवाले दादा हात द्यायला आहेत. आजींचं नाव मला आत्ता सांगू नका. आई म्हणते, ती स्वतः विचारणार आहे.